एरिक कॅम्पबेल: अकरा सिनेमे आणि एक दांडगा माणूस (प्रकल्प नोंदी)

१४ सप्टेंबर

दोन महिन्यांपासून चिठ्ठ्याच साठत चालल्यात, म्हणून आजपासून तारीखवार लिहून ठेवायचं ठरवलंय. काम असं आहे: आमच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये शनिवार २० डिसेंबरला मूकपटांचा कार्यक्रम करायचा, तीन छोटे सिनेमे, मधे येणाऱ्या संवादाच्या पाट्या मराठीत, संगीताला समोर बसलेली बाजाची पेटी. सिनेमे चॅप्लिनचे. पण कार्यक्रम चॅप्लिनचा नाही, त्याच्यासमोर उभा राहणाऱ्या माणसाचा आहे, आणि २० डिसेंबर ही तारीखही त्याच्यासाठीच धरलीय, कारण १९१७ साली तो त्याच दिवशी गेला.

लहानपणी टीव्हीवर चॅप्लिन लागला की आम्ही भावंडं ज्याला "राक्षस" म्हणायचो तोच हा. अंगानं दरवाज्याएवढा, भरघोस दाढी, विंचवाच्या नांगीसारख्या वर वळलेल्या भुवया. एरिक कॅम्पबेल हे नाव मला कळलं तेव्हा माझं वय पस्तीस होतं. नाव न कळताच तीस वर्षं ज्याला बघून हसलो त्या माणसाचं देणं लागतो असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

२१ सप्टेंबर

यादी पक्की केली. फेब्रुवारी १९१६ मध्ये न्यूयॉर्कला चॅप्लिनने म्युच्युअल या सिनेमा कंपनीशी करार केला, आठवड्याला १०,००० डॉलर आणि वर १,५०,००० चा बोनस, तेव्हा तो २६ वर्षांचा होता. या करारात १२ सिनेमे झाले, प्रत्येक दोन रिळांचा, त्यातल्या ११ मध्ये कॅम्पबेल आहे. राहिलेला एक म्हणजे 'वन ए.एम.', त्यात चॅप्लिन घरी दारू पिऊन येतो आणि जवळजवळ पूर्ण सिनेमाभर एकटाच जिन्याशी आणि पलंगाशी भांडतो, तिथे दुसऱ्याला जागाच नव्हती.

पहिला 'द फ्लोअरवॉकर' मे १९१६ चा, शेवटचा 'द ॲडव्हेंचरर' ऑक्टोबर १९१७ चा. सतरा महिने. या माणसाची पडद्यावरची ओळख म्हणून जे काही आहे ते या सतरा महिन्यांत आहे.

भूमिका वहीत एकाखाली एक लिहिल्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की हा प्रत्येक वेळी तोच माणूस नाहीये. 'फ्लोअरवॉकर'मध्ये दुकानाचा मॅनेजर, सरकत्या जिन्यावर उलटसुलट पाठलाग करणारा. 'द फायरमन'मध्ये बंबवाल्यांचा साहेब. 'द व्हॅगाबाँड'मध्ये भटक्या टोळीचा नायक, हातात चाबूक, आणि ह्यात तो अजिबात विनोदी नाही, खरोखर क्रूर आहे, नायिकेला, म्हणजे एडना पर्व्हायन्सला, मारतो तेव्हा हसू थांबतंच. 'द काउंट'मध्ये शिंपी. 'द पॉनशॉप'मध्ये सावकारी दुकानात शिरलेला चोर. 'बिहाइंड द स्क्रीन'मध्ये स्टुडिओतला कामगार, त्याचं नावच गोलायथ आणि त्याच्या हाताखाली राबणाऱ्या चार्लीचं नाव डेव्हिड, म्हणजे बायबलमधला तो राक्षस आणि गोफणवाला पोरगा, आणि इथे राक्षस दिवसभर लोळून खातोय आणि पोरगा ओझी वाहतोय. 'द रिंक'मध्ये बायकोला चुकवून दुसरीच्या मागे लागलेला मिस्टर स्टाउट. 'इझी स्ट्रीट'मध्ये गल्लीचा दादा. 'द क्युअर'मध्ये पायाला भलंमोठं बँडेज बांधलेला गाउटचा, म्हणजे सांधे सुजण्याच्या आजाराचा, पेशंट. 'द इमिग्रंट'मध्ये हॉटेलातला वेटर. 'ॲडव्हेंचरर'मध्ये श्रीमंत घरातला उमेदवार नवरदेव.

कार्यक्रमासाठी 'रिंक', 'इमिग्रंट', 'इझी स्ट्रीट' घेतेय. 'क्युअर' सोडताना जीव तुटला.

५ ऑक्टोबर

पूर्ण दिवस स्पीडवर गेला. हे सिनेमे हातानं हँडल फिरवून चित्रित केलेत, सेकंदाला सोळा-अठरा-वीस फ्रेम, जसा कॅमेरामनचा हात असेल तसं. नंतरच्या काळात ते बोलपटाच्या मशीनवर २४ ने चालवले गेले आणि म्हणून सगळे तुरुतुरु धावताना दिसतात. आपल्याकडे "चार्ली चॅप्लिनसारखं चालणं" म्हणतात त्यातलं निम्मं चालणं या मशीनचं आहे.

हिशोब करून बघितला. ३५ मिमीच्या एका फुटात १६ फ्रेम, दोन रिळं म्हणजे २,००० फूट धरले तर ३२,००० फ्रेम. २४ ने चालवले तर २२ मिनिटं, १८ ने चालवले तर साधारण साडेएकोणतीस. म्हणजे सात मिनिटं कुणीतरी काढूनच घेतलीत. माझ्याकडची कॉपी २४ वाली आहे, एडिटिंगमध्ये ती ७५ टक्क्यांवर आणली. थोडा विनोद स्वतः चॅप्लिननेच मुद्दाम कमी हँडल फिरवून वेगवान केलेला असतो, तो ७५ वर ढिला पडतो, म्हणून पाठलागाचे सीन ८५ वर ठेवले आणि बसून-बोलायचे ७५ वर. परीक्षा म्हणून कारंजं, वाफ, पडणारा कागद असल्या गोष्टींकडे बघत बसले, त्या नैसर्गिक वाटल्या की स्पीड बरोबर.

आणि स्पीड कमी केल्याबरोबर पहिल्यांदा कॅम्पबेल दिसला. म्हणजे आधीही दिसत होता पण धावणारा डोंगर म्हणून. आता चेहरा वाचता येतो. 'रिंक'च्या सुरुवातीला वेटर चार्ली त्याचं बिल करतो, मेनूकार्ड न बघता, ह्याच्या कपड्यांवर, टायवर, कानाशी काय काय सांडलंय ते बघून, की बाबा हे सूप, हे कलिंगड, आणि बेरीज. चार्ली बोट फिरवतोय आणि कॅम्पबेल काय करतोय? आज्ञाधारक मुलासारखा मान वळवून कान दाखवतोय. २४ च्या स्पीडला ती मान वळवणं निसटून जायचं. तो जर तिथे रागावला असता तर सीन तिथेच संपला असता. याच सिनेमात त्याची बायको मिसेस स्टाउट झालाय हेन्री बर्गमन, पुरुषच, लुगड्यातल्या आपल्या जुन्या नटांची आठवण यावी असा ठसका.

१२ ऑक्टोबर

आजची नोंद मोठी होणार, कारण ज्याच्यासाठी हा प्रकल्प करायचा ते आज सापडलं.

'इमिग्रंट'मधला हॉटेलचा सीन. चार्लीला रस्त्यावर नाणं सापडतं, तो ते खिशात टाकतो, खिशाला भोक, नाणं रस्त्यावरच राहतं, आत जाऊन तो जेवण मागवतो. मग एका गिऱ्हाइकाला पैसे थोडे कमी पडले म्हणून वेटर लोक बदडून बाहेर टाकतात, ते तो बघतो. आणि मग त्याला कळतं की आपला खिसा रिकामा आहे. पुढचा सगळा खेळ भीतीचा.

आता ही माहिती: चॅप्लिनने वापरलेल्या नि न वापरलेल्या रिळांचा साठा त्याच्या कॅमेरामनने, रोली टॉथेरोने, वाचवून ठेवला होता, आणि त्यातून केविन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी १९८३ मध्ये 'अननोन चॅप्लिन' ही मालिका केली. त्यात दिसतं की या सीनमध्ये वेटर आधी कॅम्पबेल नव्हताच. हेन्री बर्गमन होता. गोल, गुबगुबीत, कामाचा पक्का नट. प्रत्येक टेकच्या आधी धरलेल्या पाटीवरचे नंबर वाढत जातात, टेकमागून टेक, आणि काहीतरी लागतच नाही. मग चॅप्लिन वेटर बदलतो. कॅम्पबेल येतो, बर्गमनला दुसरं काम मिळतं, शेवटी येणाऱ्या चित्रकाराचं.

दोन्ही तुकडे मी लागोपाठ कितीतरी वेळा बघितले. बर्गमन वेटर असताना चार्ली एक वात्रट गिऱ्हाईक वाटतो, हॅट काढत नाही, बीन्स चाकूवर घेऊन खातो, बघणारा म्हणतो बरं मग. कॅम्पबेल येऊन फक्त टेबलाशेजारी उभा राहिला की चार्लीचे खांदे आत जातात आणि तो अर्धा दिसायला लागतो. त्याच खोलीत, त्याच टेबलाशी. कॅम्पबेल सहा फूट चार-पाच इंच, वजन तीनशे पौंडांच्या घरात, चॅप्लिन जेमतेम साडेपाच फूट. पण नुसत्या मापानं हे होत नाही, बर्गमनही काही हडकुळा नव्हता. कॅम्पबेल *वाट बघतो*. तो ओरडत नाही, धावून येत नाही, नाणं हातात आल्यावर ते शांतपणे दातात धरतो, चावतो, आणि ते वाकतं. खोटं नाणं. मग चार्लीकडे बघतो. ती बघायची सेकंद-दीड सेकंद मी मोजलीय, त्यात त्याची एक भुवई हलते, बाकी काही नाही.

म्हणजे एक पूर्ण सिनेमा अडला होता आणि हा माणूस येऊन टेबलाशेजारी उभा राहिल्यावर तो सुटला. हेच लोकांना दाखवायचं. बाकी चरित्र वगैरे नंतर.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

मामा आलेत. मामा म्हणजे आईचे मोठे भाऊ, कोल्हापूरला तालमीत आयुष्य गेलं, आता सत्तरीत पण मान अजून बैलासारखी. ओवाळणं झालं, फराळ झाला, मी सहज लॅपटॉपवर 'इझी स्ट्रीट' लावला, मामांना सिनेमाचा कंटाळा, दोन मिनिटांत उठतील असं वाटलं होतं. उठले नाहीत.

कॅम्पबेल पहिल्यांदा आपटला तेव्हा म्हणाले, "थांब. माघारी घे." घेतलं. परत म्हणाले, "आणि एकदा." चौथ्या वेळी मला स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं.

"ह्ये बघ. ह्यो पडत न्हाई. ह्यो बसतोय. आधी मांडी, मग कुल्ला, मग खांदा, आन हनुवटी छातीला. डोकं टेकू देत न्हाई भुईला. येवढं वजन आसलेला गडी सरळ पडला तर उठायचा न्हाई परत. शिकलाय कुठंतरी."

मी सांगितलं की हा इंग्लंडमध्ये फ्रेड कार्नोच्या नाटक कंपनीत होता, तिथे शब्दांशिवाय मारामारीचे, पडापडीचे विनोदी खेळ व्हायचे, चॅप्लिनही त्याच कंपनीतून आलेला. मामांनी मान हलवली, जणू तालमीचं नाव ऐकून वस्ताद ओळखला.

मग जे बोलले ते तसंच्या तसं लिहून ठेवतेय. "नुरा कुस्तीत लोक जिंकणाऱ्याकडं बघत्यात. पण नुरा कुस्ती हरणारा करतो. त्येला कळाय लागतं कवा पाय सोडायचा, कवा दम लागला दाखवायचा, आन समोरच्याला लागू द्यायचं न्हाई. हरणारा कच्चा आसला की लोकास्नी लगीच कळतंय."

नुरा कुस्ती हा शब्द आपण फसवणुकीसाठी वापरतो, राजकारणाच्या बातम्यांत तर रोजच. मामांनी तो ज्या आदरानं वापरला तसा मी कधी ऐकला नव्हता. माझ्या भाषणाचा निम्मा भाग आज मामांनी बसल्या जागी दिला.

२ नोव्हेंबर

चरित्राचा बोर्ड करताना घोळ झाला. जन्मगाव डनून, स्कॉटलंड, असं टाकून प्रिंटसुद्धा काढली, कारण जुन्या पुस्तकांत सगळीकडे तेच, १९९६ साली केविन मॅकडोनाल्डने त्याच्यावर 'चॅप्लिन्स गोलायथ' नावाची डॉक्युमेंटरी केली तीही डनूनचाच माणूस म्हणून, आणि त्या गावात त्याच्या नावाचा फलकही आहे. नंतरच्या शोधात जन्माची नोंद निघाली ती इंग्लंडमधल्या चेशरमधल्या सेल गावची, २६ एप्रिल १८७९. प्रिंट परत काढायला सांगितली तर दुकानदाराने दुसऱ्यांदा पूर्ण पैसे लावले आणि वर फोटो उलटा छापून दिला, म्हणजे आरशातला कॅम्पबेल. तिसऱ्यांदा दुसरीकडून करून घेतलं.

डनूनवाल्यांनी मात्र तो फलक ठेवावा असं मला वाटतं. इतकी वर्षं त्याची आठवण काढणारं दुसरं गाव होतं कुठे.

बाकी बोर्डावर थोडक्यात: इंग्लंडात रंगभूमी, कार्नो कंपनी, १९०१ मध्ये गर्ट्रूड रोबोथमशी लग्न, मुलगी उना, १९१४ मध्ये अमेरिका. १९१६ च्या सुरुवातीला ब्रॉडवेवर 'पॉम-पॉम' नावाच्या संगीत नाटकात होता, तिथनं चॅप्लिनने त्याला उचललं. गाता गळा होता त्याला. मूकपटात गेला. प्रत्यक्षात दाढी-मिशी काही नाही, गुळगुळीत चेहरा, ते सगळं चिकटवलेलं आणि भुवया रंगवलेल्या. चॅप्लिनबरोबर उभा असलेला एक साधा फोटो आहे, त्यात तो इतका सौम्य दिसतो की माझ्या भाचीने विचारलं हे कोण काका.

९ नोव्हेंबर

१९१७ चा शेवटचा अर्धा भाग. हे लिहायला आठवडाभर टाळत होते.

९ जुलैला गर्ट्रूड अचानक हृदयविकारानं गेली. 'इमिग्रंट' रिलीज होऊन महिनाही झाला नव्हता. पाठोपाठ उना, सोळा वर्षांची, आईच्या सुतकाचे कपडे आणायला दुकानात निघाली आणि तिला मोटारीनं उडवलं. जबर लागलं पण वाचली. सप्टेंबरात एका पार्टीत त्याची पर्ल गिलमन नावाच्या रंगमंचावरच्या नटीशी ओळख झाली आणि पाच दिवसांत लग्न. दोन महिन्यांच्या आत तिने घटस्फोटाचा दावा लावला. तो लॉस एंजेलिसच्या ॲथलेटिक क्लबमध्ये राहायला आला, चॅप्लिनच्या शेजारच्या खोलीत. २० डिसेंबरच्या पहाटे पार्टीहून परत येताना, दारू प्यालेला, गाडी भरधाव, विल्शायर आणि व्हर्माँट या रस्त्यांच्या चौकात समोरच्या गाडीवर आदळला. वय ३८.

'ॲडव्हेंचरर' मी या महिन्यात तीनदा बघितला, तो ऑक्टोबर १९१७ चा, म्हणजे बायको गेल्यानंतर पडद्यावर आलेला. सरकत्या दाराच्या फटीत त्याची मान अडकते आणि चार्ली दार दाबून धरतो. लोक हसतात, मीही हसत आले. या वेळी मला फक्त त्याचे हात दिसले, दाराबाहेर राहिलेले, काहीतरी पकडायला शोधणारे. यात मी माझं घालतेय हे मला कळतं. तो कामाला आला होता आणि त्यानं काम चोख केलं, त्याच्या चेहऱ्यावर घरचं काही दिसत नाही. पण जे माहीत झालं ते माहीत नसल्यासारखं बघता येत नाही.

अस्थी कुणी न्यायला आलं नाही. आधी अंत्यसंस्कार करणाऱ्यांकडे, मग रोझडेल कब्रस्तानच्या ऑफिसात एका कपाटात पडून राहिल्या, आणि १९५२ मध्ये तिथल्याच एका कर्मचाऱ्यानं त्या पुरण्याची व्यवस्था केली. चौतीस-पस्तीस वर्षं. आपल्याकडे दहाव्याला कावळा शिवला नाही तर माणसं बेचैन होतात, त्या हिशोबानं हे वाचवत नाही.

भाषणात हे दोन मिनिटांत सांगायचं आणि थांबायचं. लोकांनी त्याला कीव करत बघू नये.

१६ नोव्हेंबर

पाट्यांचं भाषांतर संपलं. तीन सिनेमांच्या मिळून पाट्या थोड्याच आहेत पण प्रत्येकीला वेळ लागला, कारण पाटी वाचायला किती सेकंद द्यायचे ते मुलांच्या वाचण्यावर ठरवलं. मराठीत ओळ लांबते. "गुंड" लिहावं की "दांडगा" की "दादा" यावर आईशी चर्चा झाली. 'इझी स्ट्रीट'च्या गल्लीत तो सगळ्यांना चोपतो, पोलिसांनाही, पण नुसता गुंड नाही, अंगात ताकद मावत नाही आणि घरात खायला नाही असा आहे. त्याची बायको उपाशी आहे, चोरी करते. "दांडगा" ठेवलं. "दादा" म्हटलं की लगेच आपला राजकारणातला कुणीतरी डोळ्यासमोर येतो.

३० नोव्हेंबर

पहिली तालीम. पेटीवर भजनी मंडळातले तात्या. चाळीस वर्षं कीर्तनाला साथ केलीय, कीर्तनकार कुठे श्वास घेणार ते आधी ओळखणारा माणूस, म्हणून त्यांनाच विचारलं. जुन्या बोलपटांच्या काळात या सिनेमांना जे संगीत चिकटवलं गेलं ते मला नको होतं, प्रत्येक पडण्याला ठण्ण, प्रत्येक धावण्याला तुतारी.

तात्यांनी पहिल्या फेरीत कॅम्पबेल आला की खालच्या सप्तकात खर्ज धरला, राक्षस आला असा. ऐकायला छान पण मला खटकलं, आणि तात्यांनाच दुसऱ्या फेरीत खटकलं. म्हणाले, "तो आला की मी गप्प बसतो. त्याला वाजवायला लागत नाही."

दिव्याच्या खांबाचा सीन आम्ही असा बसवला: पोलिस झालेला चार्ली त्या गल्लीत पहिल्यांदा येतो. दांडगा त्याच्या मागे मागे. दोघांची ती फेरी चालू असताना पेटी अगदी हलकी. चार्ली दंडुक्यानं त्याच्या डोक्यात मारतो. काही होत नाही. परत मारतो. काही होत नाही. इथे कॅम्पबेल जे करतो ते शिकण्यासारखं आहे, तो मार चुकवत नाही, डोळा मिटत नाही, उलट डोकं पुढे करतो, जणू कुठे मारतोयस ते मलाही बघायचंय. मग ताकद दाखवायला तो रस्त्यावरचा गॅसच्या दिव्याचा खांब वाकवतो. पेटी बंद. खांब खाली येतो, दिवा त्याच्या डोक्याच्या उंचीला येतो, चार्ली टुणकन त्याच्या पाठीवर, दिव्याची पेटी त्याच्या डोक्यावर उपडी, आणि गॅसची कळ फिरवली. तात्या इथे फक्त भाता हलवतात, सूर नाही, नुसती हवेची फुस. दांडगा हळूहळू खचतो. चार्ली त्याची नाडी बघतो, आणि आणखी एक डोस देतो.

ती फुस मी सुचवलेली नव्हती. तात्या ती वाजवल्यावर चष्मा पुसत बसले आणि मी मागच्या खुर्चीवर रडले, आनंदानं.

याच शूटिंगमध्ये तो खांबाचा दिवा चॅप्लिनच्या नाकावर आदळला होता, टाके पडले, काम थांबलं. हे भाषणात सांगणार, कारण लोकांना वाटतं ते सगळं थर्माकोल.

१३ डिसेंबर

प्रोजेक्टर उधारीवर मिळाला पण हॉलची भिंत पिवळट आहे, काळा-पांढरा सिनेमा चहासारखा दिसत होता. आईची पांढरी सुती चादर चालेना, आरपार उजेड जातो. शेवटी प्लायवूडच्या दोन शीटना पांढरा डिस्टेंपर, मधली फट पट्टी लावून बुजवली. फट नेमकी कॅम्पबेलच्या छातीवर येते. असो.

२० डिसेंबर

झालं. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, पाय दुखतायत पण आज न लिहिता झोपणार नाही.

साठ खुर्च्या मांडल्या होत्या, वीस-पंचवीस लोक उभे होते. मुलं पुढे सतरंजीवर. सुरुवातीला मी पडद्यावर एकच पाटी ठेवली होती, "एरिक कॅम्पबेल", बाकी काही नाही, आणि दोन मिनिटं ती तशीच ठेवून बोलले. मग 'रिंक'. कान दाखवायच्या ठिकाणी पहिला मोठा हशा आला आणि मला हायसं वाटलं, कारण तो हशा चार्लीला नव्हता, त्या वळलेल्या मानेला होता.

'इमिग्रंट'च्या आधी मी बर्गमन आणि कॅम्पबेलची गोष्ट सांगितली. सांगितल्यावर लोक हसतील की तपासायला लागतील अशी धास्ती होती. वेटर टेबलाशी येऊन उभा राहिला आणि हॉलमध्ये शांतता. नाणं दातात धरलं, वाकलं. सतरंजीवरचा एक बारका मोठ्यानं म्हणाला, "मेला आता हा." सगळा हॉल फुटला.

चहा झाल्यावर 'इझी स्ट्रीट'. तात्यांची ती फुस आली तेव्हा मागच्या रांगेतून "वाह" असं आलं, कीर्तनात येतं तसं. शेवटी दांडगा सुधारतो, नीटनेटका कोट, डोक्यावर हॅट, शेजारी बायको, दोघं मिशनकडे, म्हणजे गल्लीतल्या प्रार्थनाघराकडे, निघालेत. मी हे पन्नास वेळा बघितलं असेल. आज मोठ्या पडद्यावर दिसलं की तो चालताना अंग चोरून चालतोय. एवढा मोठा माणूस, रस्ता रिकामा, आणि त्याला अजून सवय झालेली नाहीये भल्या माणसासारखं चालायची, म्हणून जपून. हे त्याला कुणी सांगितलं असेल की त्याचं त्यानंच केलं असेल.

प्रश्नोत्तरांत एकानं विचारलं की त्याच्यानंतर चॅप्लिनला तसा माणूस मिळाला का. मी सांगितलं, मॅक स्वेन आला पुढे, 'द गोल्ड रश'मधला तो भुकेनं वेडा होणारा दोस्त, थोर नट, पण स्वेन मोठा आहे आणि मायाळूही आहे, त्याच्यासमोर चार्ली लहान दिसतो पण एकटा दिसत नाही. चॅप्लिन १९१७ च्या शेवटी स्वतःचा स्टुडिओ बांधत होता. कॅम्पबेलनं तो वापरला नाही. मोठ्या लांबीचे सिनेमे त्यानंतर आले. त्यात दांडगे आहेत, पण दोन रिळांत डोंगर आणि उंदीर असा जो खेळ होता तो परत तितका आला नाही असं माझं मत, आणि म्युच्युअलचा काळ आपल्या कामाचा सगळ्यात आनंदाचा होता असं चॅप्लिननेच आत्मचरित्रात लिहिलंय.

मामा पहिल्या रांगेत फेटा बांधून बसले होते. कार्यक्रम संपल्यावर लोक माझ्याशी बोलत होते तेव्हा ते प्लायवूडच्या शीटला हात लावून बघत होते, पडदा कसा केलाय ते.

२३ डिसेंबर

हॉल रिकामा करून दिला, प्रोजेक्टर परत, बोर्ड वाचनालयात ठेवून घेतलाय, जिन्याच्या वळणावर. मराठी पाट्यांच्या तिन्ही फाइल नीट नाव देऊन दोन ठिकाणी सेव्ह केल्या. 'क्युअर' जानेवारीत घेणार. त्यात एक बाक आहे, एका टोकाला कॅम्पबेल, एका टोकाला एडना, मध्ये चार्ली. कॅम्पबेल एडनाकडे बघून डोळे मोडतोय आणि चार्लीला वाटतं ते आपल्यासाठी, म्हणून तोही लाजून प्रतिसाद देतो. ती जी गोड हसण्याची तऱ्हा कॅम्पबेलनं त्या दाढीतून काढलीय त्याला तात्या काय वाजवतील ते ऐकायचंय.

मामा जाताना पेनड्राइव्ह मागून घेऊन गेले. आज संध्याकाळी फोन आला. तालमीत टीव्ही आहे, त्यावर लावलं म्हणे.

"पोरं बघत्यात," मामा म्हणाले. "चार येळा लावलं. आता हौद्यात एकमेकाला पाडून बघाय लागल्यात, मांडी, कुल्ला, खांदा. तू त्येचं नाव काय म्हणालीस, नीट सांग, भिंतीवर लिहितो."